करार, घरपट्टी आणि नकाराचा हक्क

घरपट्टीची बिले वाटली गेली की नाशिकमध्ये एक जुना वाद नव्याने उकरला जातो, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या त्याला अधिकच धार चढली आहे. एक बाजू विचारते की, मी महापालिकेशी कधी कोणता करार केला होता, म्हणून तिने माझ्यावर कर बसवावा आणि माझ्या दारासमोरचा रस्ता मला न विचारता रुंद करावा? दुसरी बाजू म्हणते की, तुम्ही या शहरात राहता, गंगापूर धरणाचे पाणी पिता, पालिकेच्या दिव्यांखालून घरी जाता, म्हणजे तुमची संमती झालीच. वेगळी सही कशाला हवी? मग पहिली बाजू इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचे नाव घेते, दुसरी त्याच्या आधीच्या हॉब्जचे, आणि कुणीतरी ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे सांगून दोघांनाही गप्प करू पाहते. या वादातली कोणतीच बाजू मला पटत नाही, कारण सरकारचा अधिकार खरा की खोटा हे पूर्वी कधीतरी घडलेल्या (किंवा न घडलेल्या) एका प्रसंगावरून ठरते, हे सर्वांनी मुकाट्याने धरून चाललेले गृहीतच चुकीचे आहे. सरकारे करारातून जन्मली नाहीत, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. पण तेवढ्यावरून आज्ञापालनाचे बंधन संपत नाही आणि सरकार प्रश्नांच्या पलीकडेही जात नाही. संमतीला अर्थ येतो तो नकाराला जागा असते तेव्हा. नकार नोंदवला जातो आणि सत्तेला त्याचे उत्तर द्यावे लागते तेव्हा. ही कसोटी आजची आहे, आणि ती उगमाच्या कथेवर अवलंबून नाही.

तरी उगमाची कथा आधी निकालात काढू. हॉब्जने १६५१ मध्ये आपला सामाजिक कराराचा सिद्धांत, म्हणजे लोकांनी आपसात करार करून सत्ता उभी केली ही कल्पना, मांडला तेव्हा इंग्लंड यादवी युद्धातून नुकते बाहेर पडत होते आणि राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षे झाली होती. सत्ता नसेल तर माणसे एकमेकांचे काय करतील या भीतीतून त्याने करार तर्काने उभा केला. सर्व जगात कधी काळी तशीच अवस्था होती, असा त्याचाही दावा नव्हता. लॉकने १६८९ मध्ये त्याच करारातून मर्यादित आणि काढून घेता येणारी सत्ता काढली, आणि रूसोने १७६२ मध्ये लोकांचे सार्वभौमत्व. एकाच कल्पनेतून तीन विचारवंत तीन निरनिराळ्या राज्यांकडे पोहोचतात, तेव्हा ती कल्पना इतिहास सांगत नसून हक्क मागत आहे, हे ओळखायला हवे. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्येच हे बोलून दाखवले: इतिहासात ज्यांची नोंद आहे ती जवळजवळ सारी सरकारे बळकावण्यातून किंवा जिंकण्यातून उभी राहिली आहेत. आपल्याकडचा पुरावाही याहून फार वेगळे सांगत नाही. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत पाटाचे अवशेष मिळाले आणि अनेक खोल्यांच्या एका मोठ्या घराला लागून धान्याचे कोठार मिळाले. ते घर गावप्रमुखाचे असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. पाणी अडवणे, धान्य साठवणे आणि त्या कोठाराजवळ कुणीतरी राहणे, एवढ्यातून सत्ता आकाराला येऊ शकते. त्यासाठी सभा भरून ठराव व्हावा लागत नाही.

आता ‘आपल्याकडे आधीच होते’ या म्हणण्याकडे वळू. ते खोटे नाही, पण सांगणारे ते अर्धेच सांगतात. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञसुत्तात बुद्ध वासेट्ठ आणि भारद्वाज यांना सांगतात की, शेते वाटली गेल्यावर चोरी सुरू झाली, तेव्हा लोकांनी आपल्यातलाच एक जण निवडला, त्याला तांदळाचा वाटा देऊ केला, आणि सर्वांनी मान्य केलेला म्हणून तो महासंमत ठरला. या कथेत देवाला काम नाही. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र मत्स्यन्यायाने (मोठा मासा लहान माशाला गिळतो त्या न्यायाने) त्रासलेले लोक आधी आपसात नियम ठरवतात, ते टिकत नाहीत, म्हणून ब्रह्मदेवाकडे जातात. तो मनूला नेमतो, मनू आढेवेढे घेतो, आणि मग लोक त्याला पशू व सोन्याचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग कबूल करतात. इथे करार आहे, पण वरून नेमणूकही आहे. त्याच महाभारताच्या अनुशासनपर्वात मात्र प्रजेचे रक्षण न करता तिला लुबाडणाऱ्या राजाला प्रजेने एकजुटीने मारावे, असेही म्हटले आहे. एकाच ग्रंथात दोन्ही सूर असताना त्यातला सोयीचा तेवढा उचलून परंपरेची साक्ष काढण्यात काय अर्थ आहे?

याहून बोलका आहे तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात तो सांगतो की, राजाच्या हेरांनी तीर्थक्षेत्री, सभांमध्ये, संघांमध्ये आणि गर्दीत दोन बाजू घेऊन आपसात वाद घालावा. एकाने म्हणावे, हा राजा गुणी म्हणवतो, पण दंड आणि करांनी लोकांना पिळतो. दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे की, मत्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनीच मनूला राजा केले, त्याला धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा भाग नेमून दिला, त्यावर राजे प्रजेचा योगक्षेम चालवतात, तेव्हा राजाचा अवमान करू नये. म्हणजे कराराची कथा इथे कर वसूल करणाऱ्याच्या बाजूने, नेमलेल्या माणसांच्या तोंडून आणि मुद्दाम तीर्थस्थानी सांगितली जाते. आमच्या तीर्थक्षेत्रात हाच संवाद लोक आज पदरमोड करून करतात, एवढाच काय तो फरक. पण त्याच सहाव्या भागाचा उपयोग बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव नेमका उलटा करतो. तो राजाला विचारतो: तू तर गणाचा, म्हणजे लोकांचा, दास, सहाव्या भागावर पोसलेला, तुला कसला गर्व? आकडा तोच आणि व्यवहारही तोच, पण एक जण त्यातून प्रजेला गप्प बसवतो आणि दुसरा राजाला त्याची पायरी दाखवतो. कराराची कथा कुणाच्या हातात आहे हे पाहिल्याशिवाय ती खरी की खोटी हा प्रश्न पुढे सरकत नाही.

खरा करार कसा असतो हे पाहायचे तर नाशिककरांना लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघाला लेणे दिले आणि तीन हजार कार्षापण (नाणी) गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले: दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरजा भागवायच्या. आणि हे सारे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले गेले, दप्तरात नोंदले गेले. पक्षांची नावे, रक्कम, दर, अटी आणि नोंद यांतले काहीही इथे गृहीत धरलेले नाही. त्याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवली. त्याने धर्माला धरूनच कर घेतले आणि नागरिकांचे सुखदुःख आपले मानले, असे ती सांगते. आईने मुलाबद्दल लिहिलेले म्हणून हवे तर दोन पावले मागे घ्या. तरीही एक गोष्ट उरते. कोष्ट्यांच्या श्रेणीने व्याज थकवले तर काय थकले हे भिंतीवर वाचता येत होते. राजाने धर्म सोडला तर ते कुठे नोंदवायचे, याची सोय त्या भिंतीवर नाही. सामाजिक करार म्हणून जे मिरवले जाते ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असते आणि आपण त्याला पहिल्या प्रकारची इभ्रत देतो.

तरीही राज्य आणि रयत यांच्यात खरा सौदा कधीच झाला नाही, असे म्हणणे चूक ठरेल. मराठी कागदपत्रांत कौलनामे भरपूर आहेत. ओसाड पडलेले गाव वसवण्यासाठी सरकार कुळांना कौल देई: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग इस्ताव्याने तो वर्षागणिक चढत जाईल, अमुक वर्षांनी पूर्ण होईल. हा कौल उदारपणापोटी मिळत नव्हता. जमीन मुबलक होती, कसणारे हात थोडे होते, आणि जुलूम वाढला की रयत रातोरात गाव सोडून दुसऱ्याच्या मुलखात जाई. परागंदा होणे हाच शेतकऱ्याचा नकार होता आणि सरकारला त्याची किंमत महसुलातच मोजावी लागे. पांडवलेण्यांतच गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षीचा एक लेख आहे. आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही, म्हणून भिक्षूंना नगराच्या सीमेवरचे दुसरे शेत दिल्याचे त्यात म्हटले आहे. माणसे निघून गेली की राजाज्ञेने दिलेल्या दानालाही काही मोल उरत नाही. तेव्हा जिथे निघून जाणे शक्य होते, तिथे राहण्याला संमती म्हणता येत होते. पण कौल मिळण्याइतका मोकळेपणा तरी सर्वांना कुठे होता? वतनाच्या बंधनात अडकलेल्या महाराला ना सौदा करता येत होता, ना काम नाकारता येत होते; ते बंधन सैल करण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावे लागले.

इथेच मूक संमतीचा युक्तिवाद कोसळतो. लॉक म्हणतो की, राज्याच्या हद्दीतल्या रस्त्याने मोकळेपणाने प्रवास करणेही मूक संमती ठरते. ह्यूमचे उत्तर असे: झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही, म्हणून त्याने कप्तानाचा अधिकार मानला असे म्हणायचे का? हा प्रश्न सातपूरच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्याला, पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या हंगामात कामाला येणाऱ्या मजुराला किंवा सिडकोत कर्ज काढून घर घेतलेल्या कारकुनाला विचारून पाहा. ‘पटत नसेल तर शहर सोडा’ हे त्यांना ऐकवणे म्हणजे त्यांच्या नाइलाजावर त्यांच्याच नावाची सही करून घेणे आहे. आणि इतिहासात या युक्तिवादाची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती याच शहरात. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. गावकुसाबाहेर शतकानुशतके राहिलेली माणसे तिथल्या व्यवस्थेला मूक संमती देत होती, असे ज्यांना वाटत होते, त्यांना दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सत्याग्रहींनी ती कधीच दिली नव्हती हे दाखवून दिले. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, दरवाजे उघडले नाहीत. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. आत राहून दिलेल्या नकाराला जागा मिळाली नाही, तेव्हा बाहेर पडण्याचा नकार उरला. राहतो तो मान्य करतो, हा नियम खरा मानला तर या दोन्ही घटनांचा अर्थच लागत नाही.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. प्रत्येकाने आपल्या संमतीचा हिशेब मागायला सुरुवात केली तर जो तो आपल्या सोयीचे कायदे पाळेल, आणि मत्स्यन्यायात आधी गिळला जातो तो लहान मासाच. हे मी मनापासून मान्य करतो. राज्य ढासळते तेव्हा बंगल्यांना पहारेकरी परवडतात, झोपडपट्टीला परवडत नाहीत. शिवाय हा इशारा देणाऱ्यांत स्वतः आंबेडकर आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह या मार्गांना ‘अराजकाचे व्याकरण’ म्हटले आणि ते सोडून देण्यास सांगितले. काळारामचा लढा उभारणाऱ्यानेच असे म्हणावे, याचा आधार घेऊन आज अनेक जण कुठल्याही विरोधाला गप्प करतात. पण ते त्याच भाषणातले आधीचे वाक्य सोडून देतात. घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा त्या पद्धतींचे बऱ्याच अंशी समर्थन करता येत होते. ते मार्ग खुले असताना करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे आज्ञापालनाचे बंधन बिनशर्त नाही. मार्ग खुला असणे ही त्याची अट आहे. हॉब्जची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय नकाराला दार ठेवणे हा आहे, कारण ज्याला आत दाद मिळते त्याला भिंत पाडण्याची गरज उरत नाही.

दुसरा मुद्दा लाभाचा. नळाचे पाणी, गटारे, दिवे वापरायचे आणि पट्टी मात्र भरायची नाही, हा न्याय नव्हे. शेजाऱ्याच्या खिशातून फुकट जगणे आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असावे असेही मला वाटत नाही. ‘मी सही केली नाही’ म्हणणाऱ्यानेही पाणीपट्टी भरलीच पाहिजे. मात्र यातून सिद्ध होते ते खर्चाचा वाटा उचलण्याचे कर्तव्य. दर कुणी ठरवावा, पैसा कुठे जावा, कोणता रस्ता रुंद व्हावा आणि कोणती झाडे तोडली जावीत, या निर्णयांना दिलेली संमती त्यातून निघत नाही. भाडेकरू भाडे देतो, म्हणून मालकाने घराच्या भिंती हव्या तशा हलवाव्यात, हेही त्याने कबूल केले असे कुणी म्हणत नाही. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच नाशिकचा वाद इतका वाईट चालला आहे.

या शहराचा अलीकडचा अनुभव तर कुठल्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट आहे. संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. या काळात कर भरले गेले, अंदाजपत्रके झाली, सिंहस्थाचे आराखडे आकाराला आले, आणि महासभेत उठून ‘नाही’ म्हणणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. निवडणुका आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे रखडल्या, हे खरे, आणि त्याचा दोष एकट्या कुणाचा नाही. पण ‘राहता म्हणजे संमती आहे’ म्हणणाऱ्यांनी सांगावे: त्या चार वर्षांत ही संमती नेमकी कुठे दिली गेली आणि नाकारायची असती तर कुठे नाकारायची होती? त्यावर सांगितले जाते की सिंहस्थाची तारीख ग्रहमान ठरवते, ती कुणासाठी थांबत नाही, आणि वाद घालणाऱ्या नगरसेवकांपेक्षा एकहाती कारभार बरा. तारखेची निकड मला मान्य आहे. ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले, ते हे शहर विसरलेले नाही. पण २०१५ चा सिंहस्थ पर्यायी मार्ग आखून तशी दुर्घटना न होता पार पडला तेव्हाही शहरात लोकांनी निवडलेली महापालिका होती. २००३ मध्येही होती. म्हणजे गर्दीचे नियोजन चांगले होणे किंवा फसणे हे सभागृह भरलेले असण्यावर अवलंबून नव्हते, आणि सभागृह रिकामे ठेवून सुरक्षितता विकत घेता येते, या म्हणण्याला नाशिकचा स्वतःचा इतिहास आधार देत नाही.

मग संविधानाचे काय? तो तरी करार आहे का? पहिल्या बाजूचे चलाख वाचक इथे म्हणतील की, ‘आम्ही भारताचे लोक’ असे लिहिणारी सभा प्रौढ मताधिकारावर निवडून आलीच नव्हती. १९४६ मध्ये तिला प्रांतिक विधिमंडळांनी निवडले आणि त्या विधिमंडळांच्या मतदारांना मालमत्ता व शिक्षणाच्या अटी होत्या. ही वस्तुस्थिती आहे. उगमालाच सर्वस्व मानले तर संविधानही त्या कसोटीवर कमी पडते. पण १९५१-५२ मध्ये सुमारे सतरा कोटी मतदारांच्या याद्या झाल्या, ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांची नावे त्याच यादीत आली, आणि तेव्हापासून सरकारे लोकांच्या नकाराने पडत आली आहेत. संविधानाला अधिकार मिळाला तो या पुढच्या वाटचालीतून, आणि ती वाट अडवली तर तो कमी होतो.

सही शोधण्यापेक्षा हाच प्रश्न लहान प्रमाणावर विचारून पाहावा, आणि त्यासाठीही जिल्ह्यातच साहित्य आहे. मोसम नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांमध्ये, विभागलेली असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, पाणी पाटकरी सोडी, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तोटा सर्वांवर पडे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९० च्या सुमारास वेगळी अडचण होती. कागदावर पाणी ओझरपर्यंत मंजूर होते, पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांपर्यंत ते पोहोचत नव्हते. त्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, पाटबंधारे खात्याशी लेखी करार केला, पाणी मोजून घेतले आणि पट्टी स्वतः वसूल केली. पुढे सारा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला, आणि २००५ मध्ये राज्याने अशा संस्थांसाठी कायदा केला. या संस्थांमध्ये भांडणे नाहीत असे नाही. पाणी म्हटले की भांडण आलेच. पण टेलवरचा माणूस सभेत उभा राहून ‘माझ्या चारीला पाणी आले नाही’ म्हणू शकतो, आणि त्या वाक्यावर नोंदवही उघडावी लागते.

शहरातल्या माणसाला असे म्हणता यावे म्हणून राज्याने २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली, म्हणजे प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामे, त्यांचा क्रम आणि तक्रारी मांडायच्या. घरपट्टीवर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी, मतदान होऊन नगरसेवक पुन्हा जागेवर आल्यावर, हॉब्ज आणि लॉक यांना थोडी विश्रांती देऊन, आपल्या प्रभागात ही सभा कधी होणार हे लेखी विचारावे. आणि ती होणार नसेल, तर ‘तुम्ही राहता म्हणजे तुमची संमती आहे’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार दुसऱ्या बाजूला राहतो का, याचा विचार तिने स्वतःच करावा.